पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड आणि म्हशीचं दूध

आयटीत असलेल्या एखाद्या मित्राला विचारून बघा, ‘बाबा रे, तू नेमकं करतोस तरी काय?’ तो आधी हसेल. मग ‘प्रोजेक्ट चालू आहे’ म्हणेल. फारच खनपटीला बसलात तर ‘बॅकएंड’ असा एक शब्द टाकेल आणि कॉफी मागवेल. माझ्या बॅचचं निम्मं कोल्हापूर हिंजवडीत आहे. दिवाळीला मंडळी गावी येतात, रंकाळ्यावर भेटतात, पॅकेज, फ्लॅट आणि पुण्याच्या ट्रॅफिकबद्दल भरभरून बोलतात. पण प्रोग्रॅम उघडला तर आत काय दिसतं, हे त्यांच्यापैकी एकानेही मला कधी सांगितलं नव्हतं. आणि मास कम्युनिकेशनची पदवी घेतलेल्या मुलीला त्याची गरजही पडली नव्हती. माझं पोट शब्दांवर चालतं. (म्हणजे चालतं असं म्हणायचं. फ्रीलान्सिंग करणाऱ्यांना कळेल. कोल्हापुरातून कुठल्याही संपादकाला फोन लावा, त्याला मिसळच हवी असते. मिसळ नको असेल तर तांबडा-पांढरा.)

गेल्या वर्षी गणपती उठले आणि दोन दिवसांनी गावाकडून काकांचा फोन आला. काका राधानगरी तालुक्यात असतात; तीन म्हशी, दोन गाई, थोडा ऊस. त्यांची मुलगी, म्हणजे आमची धाकटी, कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. आमच्या घराण्यातली पहिलीच. काका म्हणाले, ‘पोरगी कॉलेज सोडायचं म्हणायली. जावात नापास झाली. तू शिकल्याली हाईस, बघ की जरा तिच्याकडं.’ मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, ‘एक स्थळ बी सांगून आलंय.’

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी एखादा यूट्यूब चॅनेल सुचवून मोकळी झाले असते. पण ‘जावात नापास’ आणि ‘स्थळ आलंय’ ही दोन वाक्यं एका श्वासात आली की त्यांचा अर्थ बदलतो, हे कुठल्याही मुलीला सांगावं लागत नाही.

धाकटी हॉस्टेलवरून सामान घेऊन आमच्याकडे राहायला आली. परत परीक्षा नोव्हेंबरात होती. पहिल्या रात्री तिने वही उघडली आणि मला धक्काच बसला. इतकी सुंदर वही! दोन रंगांच्या पेनने लिहिलेली, समास आखलेले. पहिल्या पानावर पहिलाच प्रोग्रॅम आणि त्यातली ती प्रसिद्ध ओळ : पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन, पुढे कंसात स्ट्रिंग आणि आर्ग्ज. तिच्याखाली निळ्या शाईत सरांचं वाक्य उतरवून घेतलेलं : ‘हे सध्या असंच लिहा, नंतर कळेल.’

पुढची सगळी वही चाळली. ते ‘नंतर’ कुठेच आलेलं नव्हतं.

‘मी सगळं पाठ केलो गं ताई,’ धाकटी म्हणाली. ‘पण पेपरात उदाहरण बदललं की माझं डोकंच बंद पडतंय.’ (पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, मुद्रितशोधकावर रागावू नका. आमच्या भागात मुलीही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात आणि त्यात आम्हाला काही वावगं वाटत नाही.)

दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात कायम नव्वदच्या पुढे. ही मुलगी बुद्धीने कमी पडत होती असं कोणी म्हटलं तर मी भांडेन. तिच्या पुस्तकात लिहिलं होतं की क्लास म्हणजे ब्लूप्रिंट आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्याचं इन्स्टन्स. मी विचारलं, ‘ब्लूप्रिंट बघितलीस कधी?’ नाही. ‘इन्स्टन्स म्हणजे?’ ‘ऑब्जेक्ट.’ ‘आणि ऑब्जेक्ट म्हणजे?’ ‘इन्स्टन्स.’ झालं! शब्दाला शब्द चिकटवलेला, आत माल काहीच नाही.

आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर हे करत होतो आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, पलीकडे बातम्या बघत होते. अण्णा पॅटर्नमेकर. शिवाजी उद्यमनगरात त्यांनी पस्तीस वर्षं लाकडाचे पॅटर्न केले. कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना चप्पल आठवते, पण उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्र्यांवर या शहरातल्या हजारो घरांच्या चुली पेटल्या आहेत. गाड्यांचे, पंपांचे, ट्रॅक्टरचे लोखंडी भाग इथे ओतले जातात. आता पॅटर्नचं डिझाइन कॉम्प्युटरवर होतं आणि सीएनसी मशिनवर तो कापून निघतो. अण्णांच्या हाती उरली ती जुन्या पॅटर्नची डागडुजी.

‘ब्लूप्रिंट’ शब्द ऐकून त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. ‘ब्लूप्रिंटवरनं कास्टिंग होत नाही,’ ते म्हणाले. ‘पॅटर्न लागतो.’

आणि मग जे सुरू झालं ते रात्री साडेअकराला संपलं.

पॅटर्न म्हणजे हव्या त्या वस्तूचा लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. थंड झालं की वाळू फोडायची. आत कास्टिंग तयार. पुन्हा वाळू, पुन्हा तोच पॅटर्न, दुसरं कास्टिंग. पॅटर्न एक, कास्टिंगं शंभर किंवा दहा हजार. ‘पण पॅटर्न म्हणजे कास्टिंग नव्हे,’ अण्णा म्हणाले. ‘लाकडाचा पुली-पॅटर्न इंजिनला लावून चालेल का?’ आणि पॅटर्न वस्तूच्या मापाचाही नसतो. बिडाचं लोखंड थंड होताना शंभर मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा मिलिमीटर किंचित लांब असतो. बाजू थोड्या उतरत्या ठेवायच्या, नाहीतर पॅटर्न बाहेर काढताना वाळू ढासळते. म्हणजे कास्टिंग जन्माला येण्याआधीच ते कसं जन्माला येईल याचा सगळा विचार पॅटर्नमध्ये भरलेला असतो.

धाकटी टक लावून ऐकत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे क्लास नुसता लिहून ठेवला तर काहीच होत नाही.’

‘काही होत नाही. पॅटर्न फळीवर पडून राहतो.’

‘आणि न्यू म्हटलं की...’

‘ओतलं!’

आयटीवाल्यांनो, तुमच्याकडे आयुष्यभर हा शब्द टाइप होत असतो ना, ‘न्यू’? आमच्या घरात त्या रात्रीपासून त्याला ‘ओत’ म्हणतात.

सरकारी परिभाषेत क्लासला ‘वर्ग’ आणि ऑब्जेक्टला ‘वस्तू’ असे शब्द आहेत. चांगले आहेत, पण ‘वर्ग’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ‘आठवी ब’ येते. २०२१-२२ पासून एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने कॉम्प्युटरचा मराठी वर्ग सुरू केला. पाऊल चांगलं आहे, मला त्याचा आनंद आहे. पण नुसते शब्द बदलून भागत नाही असंही वाटतं. धाकटीला ‘वर्ग म्हणजे आराखडा, वस्तू म्हणजे त्याचं उदाहरण’ असं शिकवलं असतं तर तिने तेही सुंदर अक्षरात पाठ केलं असतं. तिला हवी होती हातात धरता येईल अशी एखादी गोष्ट, आणि ती उद्यमनगरात पस्तीस वर्षं तयार होत होती.

दुसऱ्या दिवशी मात्र अण्णांची उपमा अडली. कास्टिंग एकदा तयार झालं की गप्प पडून राहतं. ऑब्जेक्ट तसा नसतो. त्याच्याकडे स्वतःची माहिती असते आणि सांगितलेलं काम तो करतो. माहिती आणि काम एकाच ठिकाणी, एकाच्याच ताब्यात. इथे पुस्तकात बँकेच्या खात्याचं उदाहरण होतं, जगातल्या प्रत्येक पुस्तकात असतं तेच. धाकटी बँकेत आयुष्यात दोनदा गेली होती. पण एक खातं तिला तोंडपाठ होतं.

‘आपल्या दूध संस्थेचं करूया का?’ तिनेच विचारलं.

तुम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यात सकाळी सहा-साडेसहाला गेलात तर एका खिडकीपुढे किटल्या घेतलेली रांग दिसेल. गोकुळ, म्हणजे जिल्हा दूध संघ, १९६३ सालचा. त्याला जोडलेल्या गावोगावच्या संस्था. सभासद दूध घालतो, फॅट लागते, लिटर मोजले जातात, स्लिप निघते. दहा दिवसांनी बिल. मधेच अडचण आली तर सभासद उचल घेतो, ती बिलातून कापली जाते. आणि दिवाळीला फरक मिळतो, ज्यावर कित्येक घरांचे कपडे आणि फटाके ठरतात.

झालं, आमचा क्लास ठरला. नाव : सभासद.

क्लासचं नाव लिहिलं, पुढे महिरपी कंस उघडला. त्या कंसाच्या आत जे येईल ते सभासदाचं. सगळ्यात वर त्याची माहिती, म्हणजे फील्ड्स : कोड, नाव, एकूण लिटर, जमा रक्कम. त्याखाली कन्स्ट्रक्टर. हा शब्द धाकटीला विटेसारखा लागायचा. तो म्हणजे नवीन सभासद करून घेताना संस्थेत जे होतं ते : रजिस्टरला कोड आणि नाव चढतं, लिटर शून्य, रक्कम शून्य. हे एकदाच, जन्माच्या वेळी. म्हणून त्याचं नाव क्लासच्या नावासारखंच असतं आणि ‘न्यू’ म्हटल्याबरोबर तोच आधी चालतो. त्याखाली सभासदाला करता येणारी कामं, म्हणजे मेथड्स : दूध घाल, उचल घे, बिल दाखव. ‘दूध घाल’ला दोन गोष्टी सांगाव्या लागतात, किती लिटर आणि काय दर. आठ लिटर, पन्नास रुपये दर (हिशोबाला सोपा म्हणून; काकांनी हा आकडा मनावर घेऊ नये) की लिटरमध्ये आठ वाढणार आणि रकमेत चारशे. ‘बिल दाखव’ला काही सांगावं लागत नाही, ते उलट आपल्याला आकडा परत देतं.

आणि मग आला ‘प्रायव्हेट’. पुस्तकातलं वाक्य असं होतं की डेटा लपवणं म्हणजे एन्कॅप्सुलेशन. ‘लपवायचं कशाला? चोरीचा माल आहे का?’ हा धाकटीचा प्रश्न मला एकदम पटला होता. पण संस्थेच्या खिडकीपाशी त्याचं उत्तर उभंच होतं. काका स्वतः रजिस्टर ओढून घेऊन आपल्या नावापुढे रक्कम लिहू शकतात का? छे! रक्कम वाढवायचा रस्ता एकच : खिडकीतून दूध घाला. कमी करायचाही एकच : उचल मागा. रजिस्टर खिडकीच्या आत, माणसं बाहेर. काही लपवलेलं नाही, फक्त हात लावायला बंदी आहे. रक्कम प्रायव्हेट, खिडकी पब्लिक.

हे तिला समजलं तेव्हा ती काही बोलली नाही. उठली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. आमच्याकडे हीच टाळी.

आता ती ओळ. ‘नंतर कळेल’ची ओळ.

सभासद नावाचा क्लास लिहून झाला, तरी प्रोग्रॅम चालवला तर काहीच होत नाही. पॅटर्न फळीवर आहे, ओतायला कोण सांगणार? सकाळी संस्थेचं शटर कुणीतरी उघडायलाच लागतं. ते उघडणं म्हणजे ‘मेन’. प्रोग्रॅम कितीही मोठा असो, सुरुवात तिथून. मग त्याच्यापुढचे ते तीन पहारेकरी कशाला? ‘पब्लिक’ यासाठी की मेनला हाक बाहेरून येते; जावाचं जे यंत्र प्रोग्रॅम चालवतं ते क्लासच्या बाहेर उभं असतं, त्याला दार उघडं हवं. ‘स्टॅटिक’ यासाठी की शटर उघडताना अजून एकही सभासद जन्मलेला नसतो. दूध घालायचं तर कुणा एका सभासदाने घालायचं असतं. पण शटर उघडायला सभासद असावा लागत नाही. स्टॅटिक म्हणजे जे कुठल्या एका ऑब्जेक्टचं नाही, क्लासचं स्वतःचं आहे. (अण्णांनी इथे भर घातली : एका पॅटर्नवरून किती मोल्ड काढले याची नोंद कास्टिंगवर नसते, शॉपमधल्या वहीत असते. म्हणजे एकूण सभासद किती, हा आकडाही स्टॅटिक. धाकटीने तो लगेच घातला.) ‘व्हॉइड’ म्हणजे काम करून ये, परत काही आणू नकोस. शटर उघडणारा कुणाला आकडा आणून देत नाही. आणि कंसातली ती स्ट्रिंग म्हणजे शटर उघडतानाच कुणी हातात चिठ्ठ्या दिल्या तर त्या ठेवायला जागा. नसतील तर रिकामी.

बास. एवढंच होतं. चहा संपायच्या आत संपलं. आणि यासाठी एक मुलगी सहा महिने स्वतःला मठ्ठ समजत होती!

सरांना मी फार दोष देणार नाही. सत्तर मुलांचा वर्ग, संपवायचा सिलॅबस. शिवाय ही ओळ नवशिक्यांना घाबरवते हे जावा तयार करणाऱ्यांनाही शेवटी मान्य करावं लागलं. जावा १९९५ साली बाजारात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ पासून पहिला छोटा प्रोग्रॅम या लवाजम्याशिवाय, क्लासचं नाव न लिहिताही करता येतो. फक्त मेन, आणि काम सुरू. तीस वर्षं लागली! धाकटीचा सिलॅबस अर्थातच जुनाच होता, त्यामुळे तिला तिन्ही पहारेकरी पाठ लागणारच होते. पण आता ती त्यांना नावाने ओळखत होती.

एका रात्री मी गंमत म्हणून विचारलं, की क्लासचं नाव तू इंग्रजीत ‘मेंबर’ का लिहिलंस? आपण सभासद ठरवलं होतं ना? ‘मराठीत चालत नाही,’ ती म्हणाली. ‘कुणी सांगितलं?’ कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही शोधलं. जावा अगदी सुरुवातीपासून युनिकोडवर उभी आहे. क्लास, पब्लिक, स्टॅटिक असे राखीव शब्द जेमतेम पन्नासएक, ते इंग्रजीतच लिहावे लागतात. पण तुम्ही स्वतः द्याल ती नावं देवनागरीत चालतात. धाकटीने टाइप केलं : सभासद. एकूणलिटर. दूधघाल. उचलघे. चालवलं. चाललं!

‘लई भारी!’ ती इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या काकूंनी खिडकी उघडली.

मला या गोष्टीचं महत्त्व जरा जास्तच वाटतं असं माझे हिंजवडीकर मित्र म्हणतात. ‘प्रोफेशनल कोडमध्ये असं कुणी करत नाही.’ अरे, माहीत आहे मला! परीक्षेतही तिने सगळं इंग्रजीतच लिहिलं. पण त्या रात्रीनंतर तिला मनोमन पटलं की परकं ते फक्त पन्नास शब्दांपुरतं आहे. पन्नास शब्द म्हणजे किती? आपल्या मोहल्ल्यातल्या मिसळवाल्याच्या मेन्यूपेक्षा थोडे जास्त.

आणखी एक रात्र सांगायलाच हवी. ‘उचल घे’मध्ये तिने नीट अट घातली होती : जमेपेक्षा जास्त उचल मागितली तर नाही म्हणायचं. आम्ही खूश. मग टाइप करताना तिचं बोट चुकून वजाच्या खुणेवर पडलं. उचल : उणे पाचशे. उणे पाचशे हे जमेपेक्षा कमीच, म्हणून प्रोग्रॅमने आनंदाने परवानगी दिली. चारशेतून उणे पाचशे वजा. जमा रक्कम : नऊशे! दूध एक थेंब न घालता काका पाचशे रुपयांनी श्रीमंत.

आम्ही हसून हसून लोळलो. मग धाकटी एकदम गप्प झाली आणि कीबोर्ड पुढे ओढला. रक्कम शून्यापेक्षा जास्त हवी, अशी एक ओळ तिने ‘उचल घे’च्या तोंडालाच टाकली. एकाच ठिकाणी. पुन्हा चालवलं तर सगळ्या सभासदांची उचल सुधारलेली. अण्णा मागे उभे होते. ‘आमच्यात पॅटर्न चुकला की त्यावरनं निघालेली सगळी कास्टिंगं भंगारात,’ ते म्हणाले. ‘तुमचं बरंय. पुन्हा ओतायला कोळसा लागत नाही.’ ते हसत होते, पण मला थोडं कसंतरी झालं. पस्तीस वर्षं हाताने लाकूड तासलेला माणूस आणि त्याच्या टेबलावर बसून नुसत्या अक्षरांचा पॅटर्न करणारी त्याची पुतणी. त्यांना काय वाटत होतं ते मी विचारलं नाही.

पत्रकाराची सवय म्हणून मी या प्रकाराचं मूळही शोधलं. मला वाटलं होतं, अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेजात सापडेल. सापडलं नॉर्वेत. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये उले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड या दोघांनी १९६० च्या दशकात सिम्युला नावाची भाषा केली. क्लास आणि ऑब्जेक्ट १९६७ च्या सिम्युलात आले. आणि भाषा केली कशासाठी? नावातच आहे, सिम्युलेशनसाठी. खऱ्या जगातल्या रांगा, वाहतूक, कारखान्यातली कामं यांची कॉम्प्युटरवर नक्कल करता यावी म्हणून. म्हणजे ही कल्पना मुळातच रांगेत उभ्या असलेल्या गोष्टींकडे बघून सुचलेली आहे! दोघांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि २००२ मध्ये दोन महिन्यांच्या आत दोघेही गेले. ‘ऑब्जेक्ट-ओरिएंटेड’ हे नाव रूढ केलं अ‍ॅलन के यांनी. ते जीवशास्त्रही शिकलेले, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांसमोर शरीरातल्या पेशी होत्या, प्रत्येक स्वतंत्र आणि एकमेकींना निरोप देणाऱ्या. कुणाला पेशी दिसल्या, कुणाला रांगा. आमच्या धाकटीला किटल्या दिसल्या तर बिघडलं कुठे?

नोव्हेंबरात पेपर झाला. प्रश्नात लायब्ररीचं उदाहरण होतं. पुस्तकं, वाचक, देणं-घेणं. ती बाहेर आली आणि फोनवर म्हणाली, ‘ताई, दूध संस्थाच आहे गं, फक्त किटलीच्या जागी पुस्तक.’ निकाल लागला तेव्हा जावात एकसष्ट मार्क होते. कॉलेज चालू आहे. स्थळाचा विषय काकूंनीच परस्पर मिटवला. कसा ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती नाही.

निकालानंतरच्या रविवारी काका भाजीपाला आणि दुधाचा कॅन घेऊन आले. धाकटीने लॅपटॉप उघडून त्यांना प्रोग्रॅम दाखवला, देवनागरीतला. काकांनी चष्मा लावला. पहिला सभासद, कोड सत्तेचाळीस. ‘हां, माझाच कोड,’ म्हणून खूश झाले. गावात त्यांच्याच नावाचे आणखी दोघं आहेत, त्यामुळे संस्थेत नावाला कोणी विचारत नाही. धाकटीने सकाळचं दूध घातलं, संध्याकाळचं घातलं, उचल घेतली, बिल काढलं. काका बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील.

‘गाईचं न् म्हशीचं एकातच मोजलंयस की गं,’ ते म्हणाले. ‘आमच्यात दोन स्लिपा निघत्यात. दर येगळा, फॅट येगळी.’

धाकटीने कपाळाला हात लावला. लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि वही उघडली. नवं पान, दोन रंगांचे पेन.

‘मग दूध हाच वेगळा क्लास करायला लागणार,’ ती पुटपुटली. ‘आणि फॅट त्याच्या आत.’

‘आतच असती की,’ काका म्हणाले आणि चहा मागितला.